हूडखालचे तास: नाशिकहून केलेले इन्स्ट्रुमेंट रेटिंग

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यात पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटतात. धूर वर चढत नाही. खाली थंड हवा आणि वर उबदार, म्हणून झाकण बसल्यासारखा तो जमिनीलगतच पसरतो आणि पहाटे त्यात धुके मिसळते. ओझरची धावपट्टी याच तालुक्यात आहे. व्हीएफआरवर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघून उडणाऱ्या वैमानिकाला १०,००० फुटांच्या खाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. शिवाय ढगांपासून आडवे १,५०० मीटर आणि उभे १,००० फूट अंतर ठेवावे लागते. थंडीत सकाळी साडेसातला ही अट पुरी होत नाही, साडेदहाला होते. सूर्यास्तानंतर तर व्हीएफआर मुळातच बंद. पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, हातात असूनही दिवसातले मोजके तासच आपले असतात, ते यामुळे.

मे २०२३ मध्ये इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर), म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याची परवान्यावरची नोंद, करायचे ठरवले. एप्रिल २०२४ मध्ये ते परवान्यावर चढले. मधले अकरा महिने कशात गेले, पैसे कुठे गेले आणि कुठला क्रम चुकला, ते खाली लिहितो. नाशिकमध्ये राहून, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी महामार्गाने अडीच तासांवरच्या एका अकादमीत जाऊन केलेले हे प्रशिक्षण आहे. पूर्णवेळ करणाऱ्याला इतका काळ लागणार नाही.

आधी अटी. विमान नियम १९३७ च्या अनुसूची दोनमध्ये आयआरसाठी मुख्य आकडे दोन आहेत. पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख) म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेले उड्डाण, आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट टाइम, म्हणजे फक्त उपकरणांवर उडवलेला वेळ. या ४० पैकी जास्तीत जास्त २० तास मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात, बाकीचे विमानातच करावे लागतात. शिवाय ५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले हवेत. घरी लॅपटॉपला जॉयस्टिक जोडून केलेले तास यात एक मिनिटही धरले जात नाहीत, पण त्यांचा उपयोग आहे. त्याबद्दल पुढे.

नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि नियम हे सीपीएल (व्यावसायिक परवाना) पातळीचे पेपर मी आधीच दिलेले होते, त्यामुळे लेखी परीक्षेत वेळ गेला नाही. तिन्हींना ७० टक्के लागतात. ज्यांचे व्हायचे आहेत त्यांनी ते उड्डाण सुरू होण्याआधी संपवावेत. हूडखालून (बाहेरचे दिसू नये म्हणून डोक्यावर चढवायच्या झापडीखालून) बाहेर आल्यावर संध्याकाळी पुस्तक उघडण्याचे त्राण उरत नाही. आरटीआर, म्हणजे विमानातला रेडिओ वापरण्याचा परवानाही जुना, दूरसंचार विभागाने दिलेला होता. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आणि ते काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, गेले. त्यामुळे आता त्याची माहिती डीजीसीएच्या संकेतस्थळावरच शोधायची.

मे महिन्यात पहिले काम केले ते कान तपासण्याचे. पीपीएलला क्लास २ वैद्यकीय पुरते, पण आंतरराष्ट्रीय निकषानुसार आयआर जोडायचे असेल तर श्रवणशक्ती क्लास १ च्या पातळीची लागते. ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३,००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त ऱ्हास नको. प्युअर टोन ऑडिओमेट्री नाशिकमध्येच झाली, ७०० रुपये लागले. ज्यांनी कारखान्यात वर्षे काढली आहेत (आणि सातपूर-अंबडमुळे असे आपल्याकडे पुष्कळ आहेत) त्यांनी ही चाचणी सगळ्यात आधी करावी. लाखभर खर्चून झाल्यावर ३,००० हर्ट्झवर अडकण्यापेक्षा बरे.

पावसाळा: सिम्युलेटर

जून ते ऑगस्ट आपल्याकडे छोटी विमाने बहुतेक जमिनीवरच असतात. हा काळ सिमसाठी राखून ठेवावा. १७ जून ते २ सप्टेंबर या अकरा आठवड्यांत २० तास झाले, दर ५,५०० रुपये तास. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त घेऊ नयेत. दीड तासानंतर नजर काचेवर, म्हणजे उपकरणाच्या तबकडीवर, असते पण वाचत नाही.

पहिले सहा तास फक्त विमान सरळ ठेवण्यात जातात. ऐकायला हास्यास्पद वाटते, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. नजर आर्टिफिशियल होरायझनवरून (नाक आणि पंख कसे आहेत ते दाखवणारी काच) निघते, एका काचेवर जाते, परत होरायझनवर येते, मग दुसऱ्या काचेवर. अल्टिमीटरवरून (उंची दाखवणारी काच) थेट स्पीडवर उडी मारली की पंख कलंडलेले दिसतच नाहीत. चुका तीन प्रकारच्या. एकाच काचेवर नजर खिळणे, एखादी काच विसरणे, किंवा आवडत्या एकाच काचेवर भरवसा ठेवणे. नव्या माणसाची आवडती काच बहुधा अल्टिमीटर. उंची ५० फुटांनी हलली की तो नाक दाबतो, तोवर हेडिंग (नाकाची दिशा) १५ अंशांनी गेलेले असते.

याच सहा तासांत विमानाचे आकडे ठरवून घ्यायचे. आमच्या गोल काचांच्या सेस्ना १७२ ला १० अंश फ्लॅपसह ९० नॉट्सवर सपाट उडायला साधारण २,२०० आरपीएम लागत. १,८०० केले की तेच विमान ९० नॉट्सवरच मिनिटाला सुमारे ४५० फुटांनी उतरू लागे. प्रत्येक विमानाचे आकडे थोडे निराळे, म्हणून स्वतः उडवून वहीत लिहावेत. एकदा ते पाठ झाले की थ्रॉटलशी झटापट थांबते. आरपीएम लावा, नाक ठरलेल्या जागी ठेवा, ट्रिम करा, हात सोडा. कंट्रोल कॉलम मुठीत धरू नये. अंगठा आणि दोन बोटे पुरतात. मुठीत धरलेले विमान चार्ट वाचायला मान वळवली की त्याच बाजूला वळते.

वळणे नेहमी रेट वन, म्हणजे सेकंदाला ३ अंश, पूर्ण चक्कर दोन मिनिटांत. कल किती द्यायचा? नॉट्समधल्या वेगाला १० ने भागा आणि ७ मिळवा. ९० नॉट्सला १६ अंश.

पुढचे आठ तास व्हीओआर (दिशा दाखवणारे जमिनीवरचे रेडिओ केंद्र) आणि होल्डिंग (पुढची परवानगी मिळेपर्यंत हवेत ठरलेल्या लांबट चकरा मारणे). व्हीओआर लावताना तीन कामे कधीच टाळायची नाहीत. फ्रिक्वेन्सी लावणे, मोर्स ओळख ऐकणे आणि सुई जिवंत आहे का बघणे. ओळख न ऐकता दुसऱ्याच केंद्राच्या सुईमागे जाणे ही सिममध्ये सगळ्यांची एकदा तरी होणारी चूक, आणि ती तिथेच झालेली बरी.

होल्डिंगने लोक घाबरतात ते त्यात शिरण्याच्या पद्धतीमुळे. पुस्तकातल्या ७० आणि ११० अंशांच्या आकृत्या हवेत आठवत नाहीत. सोपी युक्ती अशी: उजव्या वळणांचे होल्ड असेल तर डीआयवर (दिशा दाखवणारी काच) आउटबाउंड हेडिंग, म्हणजे केंद्रापासून दूर जाण्याची दिशा, कुठे पडते ते बघा. नाकापासून उजवीकडे ७० अंशांच्या आत पडले तर ऑफसेट, म्हणजे टीअरड्रॉप. डावीकडे ११० अंशांच्या आत पडले तर पॅरलल. खालच्या उरलेल्या अर्ध्या वर्तुळात पडले तर सरळ शिरायचे. डाव्या वळणांच्या होल्डला आरशातल्यासारखे उलट. घरी स्टीलच्या ताटलीवर मार्करने होकायंत्र काढून रोज दहा होल्ड सोडवले. तीन आठवड्यांत उत्तर दोन सेकंदांत येऊ लागले. लॅपटॉपवरचे सिम्युलेटर या कामाला उत्तम आहे, लॉगबुकात धरत नसले तरी.

वाऱ्याचा हिशेब मात्र ताटलीवर होत नाही. ९० नॉट्सच्या विमानाला आडवा वारा जितके नॉट्स, त्याच्या दोन-तृतीयांश अंश ड्रिफ्ट, म्हणजे बाजूला वाहणे. १५ नॉट्स आडवा वारा असेल तर १० अंश. इनबाउंडला (केंद्राकडे येताना) १० अंश वाऱ्याकडे धरायचे आणि आउटबाउंडला तिप्पट, म्हणजे ३०. तिप्पट का? दोन्ही वळणांत आपण वाऱ्याविरुद्ध काहीच करू शकत नाही. त्या दोन मिनिटांची भरपाई एका मिनिटाच्या आउटबाउंड लेगमध्येच करायची असते. हे एकदा समजले की आकडा पाठ करावा लागत नाही.

उरलेले सहा तास डीएमई आर्क (केंद्रापासून ठरावीक अंतर राखून कमानीत उडणे), आयएलएस (धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी रेडिओ प्रणाली) आणि बिघाड. सिमचा खरा पैसा बिघाडांत वसूल होतो. स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारे छिद्र) बुजवला तर अल्टिमीटर गोठतो आणि उतरताना स्पीड खोटा जास्त दिसतो. हे विमानात दाखवता येत नाही, सिममध्ये एका बटणाने होते.

सप्टेंबर: कागद आणि उंची

परतीच्या पावसात दोन आठवडे नकाशांना दिले. नाशिककर वैमानिकाने आयएफआरच्या, म्हणजे उपकरणांवरच्या उड्डाणाच्या, उंचीचा हिशेब एकदा स्वतःच्या डोंगरांवर करून बघावा. नियम असा की उंच प्रदेशावर, ८ किलोमीटरच्या आतल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान २,००० फूट वर राहायचे. इतरत्र १,००० फूट. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. त्यात २,००० मिळवले की ७,४०० फूट. साल्हेर १,५६७ मीटर, म्हणजे ५,१४१ फूट, तिथे ७,१४१. इगतपुरी-भंडारदऱ्याच्या बाजूला ढगात ६,५०० फुटांवर 'बरेच वर आहोत' असे वाटणे किती फसवे आहे, ते या एका बेरजेत कळते. पावसाळ्यात हे डोंगर ढगाच्या आतच उभे असतात.

शहराभोवतीची हवाही मोकळी नाही. ओझरचे विमानतळ एचएएलचे, गांधीनगरला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा, देवळालीला तोफखान्याचा सराव. इथून मार्ग आखताना नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू नये.

याच काळात उड्डाणयोजनेचा एक बारकावा शिकलो, तो अनेकांना माहीत नसतो. आमच्या अकादमीच्या मैदानावर कुठलाही इन्स्ट्रुमेंट अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत येण्याचा ठरलेला मार्ग) नव्हता. उड्डाण व्हीएफआरने सुरू करून वाटेत आयएफआर व्हायचे, तर फॉर्मच्या आठव्या रकान्यात 'झेड' लिहायचे. परतताना आयएफआरने निघून शेवटी व्हीएफआर, तर 'वाय'. नियम कुठे बदलणार तो बिंदू मार्गाच्या रकान्यात लिहावा लागतो. सरळ 'आय' लिहिले की योजना परत येते. योजना किमान तासभर आधी द्यायची, मग एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) आणि एडीसी हे दोन क्रमांक घ्यायचे. एडीसी म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी. तिच्या वेळेत उड्डाण झाले नाही तर क्रमांक पुन्हा. दोन्ही क्रमांक गुडघ्यावरच्या पाटीवर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहावेत. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) विचारते तेव्हा बहुधा दोन्ही हात गुंतलेले असतात.

ऑक्टोबर ते जानेवारी: विमान

इथे पहिला आर्थिक धक्का. इन्स्ट्रुमेंट टाइम हा हूड डोक्यावर असेपर्यंतचाच. टॅक्सी, टेक-ऑफ, लँडिंग त्यात येत नाही. इंजिन सुरू झाल्यापासूनचे पैसे मात्र लागतात. दीड तासाच्या उड्डाणात सरासरी सव्वा तासाच्या आतच इन्स्ट्रुमेंट टाइम मिळतो. २० तास भरायला २६ तास उडावे लागले, प्रशिक्षकासह १५,००० रुपये तासाने. म्हणजे ३,९०,०००. अंदाजपत्रक करताना २० ने गुणू नका.

हूड म्हणजे टोपीच्या झापडीसारखे प्लास्टिक. समोरच्या काचाच दिसतात, खिडकी नाही. चष्मा असेल तर हूडऐवजी अर्धवट घासलेला चष्मा मिळतो तो घ्या, नाहीतर कानामागे दोन दांड्या आणि वर हेडसेट यांनी अर्ध्या तासात डोके दुखते.

सिम आणि विमान यांत सगळ्यात मोठा फरक शरीराचा. सेकंदाला सुमारे दोन अंशांपेक्षा हळू कलंडले तर कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना ते कळत नाही. मग काच बघून पंख झटकन सरळ केले की कानाला तेवढेच कळते आणि आपण दुसऱ्या बाजूला पडतोय असे वाटू लागते. विमान सरळ, आणि वैमानिक एका बाजूला झुकून बसलेला. पहिल्या दोन उड्डाणांत हे हमखास होते, मळमळही होते. उपाय एकच: डोके हलवायचे नाही. खाली पडलेली पेन्सिल वाकून उचलू नये, म्हणून दोन पेन्सिली दोरीने पाटीला बांधाव्यात. नाश्ता हलका करावा, पण उपाशी जाऊ नये. महामार्गावरची मिसळ परतताना.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा परवानगी घेऊन खऱ्या ढगात ११ मिनिटे गेली. हूडखाली कडेने थोडा उजेड-सावलीचा खेळ दिसतो आणि मेंदू तो नकळत वापरतो. ढगात तोही नाही. पांढरे, एकसारखे, आणि इंजिनाचा आवाज उगाच वेगळा वाटतो. भीती वाटली. प्रशिक्षक सरांनी एवढेच म्हटले, "होरायझन सोडू नका, बाकी सगळे नंतर." आयआर मिळाले म्हणून वळवाच्या ढगात शिरायचे नसते हेही तेव्हाच नीट कळले. मार्चच्या गारपिटीचे आणि मेच्या गडगडाटाचे ढग रेटिंग विचारत नाहीत.

अप्रोचच्या सरावासाठी संभाजीनगरला चिकलठाण्याला जावे लागे. तिथे व्हीओआर आहे आणि आयएलएसही. जाऊन-येऊन सुमारे दीड तास प्रवासातच. म्हणून जाताना आणि येताना हूड घालूनच उडायचे, व्हीओआरच्या रेडियलवर (केंद्रापासून ठरावीक दिशेला निघणाऱ्या रेषेवर), म्हणजे तो वेळही मोजला जातो. प्रवासी विमानांच्या वेळा आधी बघाव्यात. त्या टाळल्या तर एका फेरीत एक होल्ड आणि तीन अप्रोच होतात, नाही टाळल्या तर एक. इंधनाचा हिशेब आयएफआरचा धरायचा: गंतव्य, तिथून पर्यायी विमानतळ, आणि वर ४५ मिनिटे. सेस्ना तासाला ३२ ते ३५ लिटर पिते. होल्डमध्ये वीस मिनिटे फिरवले तर सुमारे ११ लिटर गेले, हे निघण्यापूर्वी माहीत असावे.

आयएलएसवर सुई बघून उडवणारा माणूस आयुष्यभर नागमोडी जातो. व्हीओआरची सुई मध्यापासून टोकापर्यंत १० अंश दाखवते, लोकलायझरची (आयएलएसचा डावे-उजवे दाखवणारा भाग) फक्त अडीच अंश आणि ग्लाइडस्लोपची (उतार दाखवणारा भाग) तर सुमारे ०.७ अंश. जितके जवळ जाल तितकी ती चंचल. म्हणून हेडिंग ठरवून उडायचे आणि सुई फक्त तपासायची. सुई डावीकडे गेली? ५ अंश डावीकडे घ्या आणि थांबा. परत येऊ लागली की निम्मी दुरुस्ती काढा. धावपट्टी जवळ आली की २ अंशांपेक्षा जास्त बदल नाही. उतरण्याचा दर म्हणजे जमिनीवरचा वेग गुणिले ५. ९० नॉट्सला ४५०, समोरून १५ नॉट्स वारा असेल तर ७५ नॉट्सला ३७५. तीन अंशांच्या उतारावर प्रत्येक नॉटिकल मैलाला सुमारे ३२० फूट उंची जाते, म्हणजे पाच मैलांवर धावपट्टीपासून १,६०० फूट. हा आकडा जुळला नाही तर आपण खोट्या ग्लाइडस्लोपवर आहोत किंवा क्यूएनएच (अल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब) चुकला आहे. एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २७ ते ३० फूट. १०१३ ऐवजी १०२३ लावला की अल्टिमीटर सुमारे २८० फूट जास्त दाखवतो, आणि कॅटेगरी १ च्या आयएलएसचा निर्णयबिंदू (धावपट्टी दिसली नाही तर जिथून वर जायचे ती उंची) बहुधा २०० फुटांच्या आसपास असतो. ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत.

मिस्ड अप्रोचला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाताना, सगळ्यांचे हात उलट क्रमाने चालतात. आधी रेडिओ, मग नकाशा, शेवटी थ्रॉटल. बरोबर क्रम: पूर्ण पॉवर, नाक वर, फ्लॅप टप्प्याने, चढतोय याची खात्री, मग वळण, आणि बोलणे अगदी शेवटी. अप्रोच सुरू होण्याआधीच मिस्डची पहिली उंची आणि पहिले वळण मोठ्याने म्हणायची सवय लावावी.

नोव्हेंबरचे दोन शनिवार पार्शल पॅनलचे, म्हणजे काही काचा बंद पडल्या असे धरून उडण्याचे. आमच्या विमानात होरायझन आणि डीआय इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर चालत, टर्न कोऑर्डिनेटर (वळणाचा दर दाखवणारी काच) विजेवर. पंप गेला तर पहिल्या दोन काचा हळूहळू लोळतात. एकदम बंद पडल्या असत्या तर बरे, असे वाटते. त्या खोट्या काचांवर कागद चिकटवणे ही चेष्टा नाही, खरोखर करायचे काम आहे. नजर सवयीने तिथेच जाते. मग हेडिंग राहते ते चुंबकीय होकायंत्राचे, आणि ते वळणात खोटे बोलते. उत्तरेकडे वळताना अक्षांश अधिक निम्मा कल इतके आधी सरळ व्हायचे, दक्षिणेकडे वळताना अक्षांश वजा निम्मा कल इतके पुढे जायचे. नाशिक बरोबर २० अक्षांशावर, त्यामुळे गणित सुटसुटीत: १६ अंशांच्या कलाला उत्तरेसाठी २८ अंश आधी, दक्षिणेसाठी १२ अंश नंतर. पूर्व-पश्चिम हेडिंगवर वेग वाढवला तर होकायंत्र उत्तरेकडे सरकते, कमी केला तर दक्षिणेकडे. एवढे सगळे लक्षात ठेवण्यापेक्षा घड्याळ लावून सेकंदाला ३ अंशांनी वळणे सोपे, आणि मी तेच करत असे. आपल्या भागात चुंबकीय विचलन एका अंशाच्या आत आहे, ही त्यातल्या त्यात मेहेरबानी.

आता चुकलेला क्रम. माझे पायलट-इन-कमांड क्रॉस-कंट्रीचे ३८ तास होते, १२ कमी. ते 'जाता जाता होतील' म्हणून मागे ठेवले. ते एकट्याने, व्हीएफआरनेच करायचे असतात, आणि डिसेंबर उजाडला तेव्हा सकाळी व्हीएफआर होईना. धुके उठेपर्यंत साडेदहा, तोवर विमान दुसऱ्या विद्यार्थ्याकडे. चार शनिवार मैदानावर बसून चहा पिण्यात गेले. त्यात जानेवारीत विमान १०० तासांच्या तपासणीला गेले आणि एका सुट्या भागासाठी १९ दिवस उभे राहिले. हे १२ तास (तासाला १२,५०० प्रमाणे दीड लाख) ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ हवेत आधी उरकले असते तर दीड महिना वाचला असता. क्रॉस-कंट्री आधी, हूड नंतर.

चाचणी आणि कागदपत्रे

स्किल टेस्ट १७ फेब्रुवारी २०२४ ला झाली, १.७ तास. तोंडी प्रश्न पाऊण तास: पर्यायी विमानतळ कधी लागतो, व्हॅक्यूम गेल्यावर कुठल्या काचा जातात, संपर्क तुटला तर काय, अप्रोच चार्टवरच्या प्रत्येक आकड्याचा अर्थ. हवेत ४५ अंशांची वळणे, विचित्र अवस्थेतून सावरणे, पार्शल पॅनल, होल्ड, आयएलएस, मिस्ड. विचित्र अवस्थेत डोळे मिटायला सांगतात. उघडल्यावर आधी स्पीड बघायचा. स्पीड वाढतोय तर पॉवर कमी, पंख सरळ, मग हळू नाक वर. स्पीड घटतोय तर पॉवर, नाक खाली, मग पंख. नाक खाली असताना पंख कललेले ठेवून ओढले की गिरकी आणखी घट्ट होते. आमच्या सरांनी सरावात ±१०० फूट आणि ±५ अंश ही मर्यादा पाळायला लावली होती, त्यामुळे चाचणीच्या दिवशी हात थरथरले तरी फारसे बाहेर गेले नाही. होल्डचे पहिले आउटबाउंड चुकले. मोठ्याने तसे म्हणून पुढच्या फेरीत सुधारले. लपवण्यापेक्षा ते बरे.

अर्ज ई-जीसीएवर (डीजीसीएचे ऑनलाइन पोर्टल), शुल्क भारतकोशातून (सरकारी भरणा पोर्टल). २६ फेब्रुवारीला भरला, ११ मार्चला शेऱ्यासह परत आला. चूक माझीच. ढगातली ती ११ मिनिटे वहीत 'प्रत्यक्ष' रकान्यात होती आणि ई-लॉगबुकमध्ये 'सिम्युलेटेड'मध्ये, त्यामुळे बेरजा जुळत नव्हत्या. दोन दिवसांत दुरुस्त करून मुख्य प्रशिक्षकांकडून पुन्हा प्रमाणित करून घेतले आणि १३ मार्चला भरला. रेटिंग ८ एप्रिलला आले. अर्जापूर्वी वहीतल्या प्रत्येक पानाची बेरीज दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावी. माझी बहिणीने केली, दुसऱ्या वेळी. चाचणी आणि अर्ज यांत वेळ घालवू नये. आधीच्या सहा महिन्यांतल्या ५ तासांचे घड्याळ मागे चालूच असते.

एकूण खर्च: सिम १,१०,०००, विमान ३,९०,०००, क्रॉस-कंट्री १,५०,०००, चाचणीचे विमान २५,५००, वैद्यकीय-शुल्क-इतर २८,०००, आणि नाशिकहून पेट्रोल, टोल, शनिवारची खोली मिळून ६४,०००. बेरीज ७,६७,५००. शेवटच्या दोन रकमा कुणाच्याच अंदाजपत्रकात नसतात.

हाती आले त्याचा उपयोग किती, याचे प्रामाणिक उत्तर: मर्यादित. आपल्या भागातल्या प्रशिक्षणाच्या छोट्या मैदानांवर अप्रोचच नाही, त्यामुळे धुक्यात तिथे आयआर असूनही उतरता येत नाही. हे बदलू शकते. आपल्याच गगन उपग्रह प्रणालीवर आधारित अप्रोच २८ एप्रिल २०२२ ला किशनगढला एटीआर विमानाने करून दाखवला, आणि त्यासाठी धावपट्टीच्या टोकाला आयएलएसचे अँटेने उभारावे लागत नाहीत. छोट्या मैदानांना ते कधी मिळेल, त्यावर या रेटिंगची किंमत ठरेल. तोवर मुख्य फायदा दोन विमानतळांच्या मधला: ढगांचा थर फोडून वर जाणे, आणि ठरलेल्या वेळी निघता येणे.

रेटिंग एक वर्षाचे, मग पुन्हा चाचणी. हूडखालची नजर मात्र दोन महिन्यांतच मंदावते. म्हणून पावसाळ्यात सिमचे महिन्याला दोन तास बांधून घेतले आहेत, सगळे होल्ड आणि पार्शल पॅनलचे. ताटलीवरचे होकायंत्र अजून पुसलेले नाही.